दोन संगणकांमध्ये एक लॅन केबल पुरते

महोदय,

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि अनेक घरांत जुन्या संगणकाशेजारी नवा आला. आता फोटो-कागदपत्रे हलवायला पेनड्राइव्हच्या खेपा चालतात. बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचे असतात. त्यांवर ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही, त्यामुळे लग्नाचा व्हिडिओ नेमका अडकतो. खरे तर कॅट-५ई प्रकारची साधी लॅन केबल दोन्ही संगणकांत थेट खोचली की काम होते. राउटर लागत नाही, इंटरनेटही नाही.

‘क्रॉस केबल (एका टोकाला पाठवायच्या-घ्यायच्या तारा उलट जोडलेली) हवी’ असे अजूनही सांगितले जाते. जुन्या १०० एमबीपीएस नेटवर्क कार्डांना ती लागे. गिगाबिट (१ जीबीपीएस वेगाचे) कार्ड पाठवायच्या आणि घ्यायच्या तारांची अदलाबदल आपली आपण करते. दोन्ही टोकांना सारखीच यूएसबी पिन असलेली साधी वायर मात्र कधीही लावू नये. दोन्हीकडून ५ व्होल्ट समोरासमोर येतात आणि पोर्ट जळू शकतो.

केबल लावल्यावर पोर्टचा दिवा लागला की नेटवर्क अॅडॉप्टरच्या (म्हणजे त्या कार्डाच्या) ‘स्टेटस’मध्ये वेग पाहावा. १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस दिसला आणि दोन्ही कार्डे गिगाबिट असतील, तर संशय केबलवर घ्यावा. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. क्रिम्पिंगमध्ये (टोकाला पिन बसवताना) एक तार नीट बसली नाही तरी वेग खाली येतो. फरक मोठा आहे: १०० जीबीच्या मोठ्या फाइली पाऊण तासाच्या आत जायच्या, त्यांना अडीच तास लागतात. हजारो बारीक फोटो असतील किंवा हार्डडिस्क जुनी असेल, तर वेळ आणखी वाढतो.

दोन्ही संगणकांना नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) स्वतः द्यावा. एका संगणकाला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, दोन्हींना सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. विंडोज १०च्या सेटिंग्जमध्ये मास्कऐवजी प्रिफिक्स विचारला तर २४ लिहावे. गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जायचा पत्ता, सहसा राउटरचा) रिकामा ठेवावा, नाहीतर वायफायवरचे इंटरनेट बिघडू शकते. पत्त्यातला तिसरा आकडा मुद्दाम ५० घेतला आहे. घरचे राउटर बहुधा ० किंवा १ वापरतात, आणि वायफाय आणि केबल दोन्हीकडे पत्त्यांचा तोच पट्टा आला तर संगणक गोंधळतो.

इथपर्यंत सहसा सगळे जमते. अडते ते पुढे. गेटवे नसलेले नेटवर्क विंडोज ‘अनोळखी’ समजते आणि ‘पब्लिक’ ठरवते, म्हणून फायरवॉल (बाहेरून येणारे संपर्क रोखणारी विंडोजची सोय) शेअरिंग अडवते. पिंगला (दुसरा संगणक उत्तर देतो का ते पाहणाऱ्या आज्ञेला) उत्तर आले नाही म्हणून केबल खराब समजू नये, पिंगही तीच अडवते. अशा वेळी ‘फायरवॉल बंद करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे, आणि बंद केलेली फायरवॉल पुन्हा चालू करायची राहूनच जाते. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करावे आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करावे, एवढे पुरते. संगणक रीस्टार्ट केला तर ते पुन्हा ‘पब्लिक’ झाले नाही ना, हे बघावे.

दुसरी अडचण पासवर्डची. पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. पिनही चालत नाही, ती त्या एका संगणकापुरतीच असते. जुन्या संगणकावर पासवर्डसह एक वेगळे लोकल खाते काढावे, हवा तो फोल्डर त्या खात्याला फक्त वाचण्यापुरता शेअर करावा आणि ‘सिक्युरिटी’ टॅबमध्येही तीच परवानगी द्यावी. दोन्हींपैकी एक जरी राहिली तरी फोल्डर दिसतो, पण उघडत नाही. मग नव्या संगणकाच्या अॅड्रेस पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे जुन्याचा पत्ता टाकावा. नाव-पासवर्ड विचारल्यावर याच नव्या खात्याचा द्यावा.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरचे ‘प्रॉपर्टीज’ उघडून फाइलींची संख्या आणि बाइट जुळवावेत. त्याआधी जुन्यातले काहीही पुसू नये. शेवटी शेअरिंग बंद करून ते खाते काढावे आणि आयपी पुन्हा ‘ऑटोमॅटिक’वर ठेवावा, नाहीतर पुढे राउटरची केबल लावल्यावर इंटरनेट चालणार नाही.

– एक संगणक तंत्रज्ञ, सांगली