घरच्यांनी जे पाहिले ते केस पेपरवर यावे

महोदय,

पावसाळा लागला की ठाण्यात आणि नवी मुंबईत घरोघरी तापाची चर्चा सुरू होते आणि तिच्याबरोबर एक जुना वादही. दुखणे चार दिवस घरीच पाहावे की पहिल्याच दिवशी दवाखाना गाठावा? काहीजण म्हणतात, हल्ली साध्या तापालाही ढीगभर तपासण्या लिहून देतात, आपल्या माणसाचे आपल्याला कळते. इतरांचे म्हणणे असे की डॉक्टर सांगतील ते निमूटपणे करावे, त्यातले आपल्याला काय कळते? माझे मत असे आहे की आजार कोणता आणि औषध कोणते हे ठरवणे सर्वस्वी डॉक्टरांचे काम आहे. परंतु माणूस नेहमीसारखा आहे की नाही, हे घरच्यांइतके कोणालाही कळत नाही, आणि ही माहिती रीतसर नोंदवून घेण्याची पद्धत मला आपल्याकडील रुग्णालयांत कुठेही दिसलेली नाही.

माझ्या सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेतात. गेल्या वर्षी जुलाबांमुळे त्यांना आमच्या भागातील एका खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले. सलाईन लागले, जुलाब थांबले, ताप नव्हता, रक्तदाबही ठीक होता. मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या नातवाला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारू लागल्या आणि चहाचा कप हातात धरून, तो प्यायचा असतो हेच विसरल्यासारख्या बसून राहिल्या. रोज सकाळी आपल्याच दैनिकातील शब्दकोडे पेनाने सोडवणाऱ्या या बाई! ड्युटीवरील डॉक्टरांना सांगितले, तेव्हा ‘वयोमानाने होते असे, जागा बदलली की म्हातारी माणसे गोंधळतात’ असे उत्तर मिळाले. ते उत्तर निराधार नव्हते, कारण पुष्कळ वृद्धांचे खरोखरच तसे होते. पण ज्यांनी त्यांना आदल्या दिवसापर्यंत कधी पाहिलेच नव्हते, त्यांना हा गोंधळ नवा की जुना हे कळावे तरी कसे? शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांना फोन केला. हे केव्हापासून आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे का, एवढेच त्यांनी विचारले आणि रक्तातील सोडियम लगेच तपासून घ्या म्हणाले. एरवी जे १३५ ते १४५ असावे, ते ११६ वर आले होते. गोळी बंद झाली, सोडियम बेताबेताने वाढवले गेले (ते एकदम वाढवले तर मेंदूला इजा होते, हेही तेव्हाच समजले) आणि सासूबाई पूर्ववत झाल्या. निदान डॉक्टरांनीच केले आणि उपचारही त्यांनीच केले. मला एवढेच ठाऊक होते की या काल अशा नव्हत्या.

याच्या पुढे जाऊन घरचा माणूस स्वतःच निदान करू लागला की घात होतो. डेंग्यूचेच पाहा. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरात सर्वांना हायसे वाटते, आणि नेमके त्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वांत धोक्याचे असतात. कारण काही रुग्णांत याच काळात रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपून रक्तदाब कोसळतो. ताप गेला म्हणजे दुखणे गेले, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव येथे उलटा पडतो. पोटात सतत दुखणे, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विलक्षण ग्लानी, कमी झालेली लघवी, यांतले एकही लक्षण दिसले तर रात्र उलटण्याची वाट पाहू नये. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र चर्चा असते ती प्लेटलेटच्या आकड्याची आणि पपईच्या पानांच्या रसाची. अंग ठणकते म्हणून मेडिकलमधून आयब्रुफेन किंवा ॲस्पिरिन आणून देणारेही आहेत. डेंग्यूत या गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून तापासाठी पॅरासिटामॉलच घ्यायची असते. मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून प्रतिजैविके आणणे तर सर्रास चालते. त्यांपैकी अनेक औषधे १ मार्च २०१४ पासून ‘एच-वन’ अनुसूचीत आहेत, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराने तीन वर्षे जपून ठेवायची असते. विषाणूंमुळे आलेल्या तापावर त्यांचा काडीचाही उपयोग नाही. छातीतली जळजळ पित्ताची समजून सोडा पिऊन रात्र काढणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. मधुमेह असलेल्यांना तर छातीत कळ न येताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, आणि ईसीजी काढल्याशिवाय तो पित्तापासून वेगळा ओळखणे डॉक्टरांनाही कठीण असते.

पण डेंग्यूची ही लक्षणे रात्री दोन वाजता पाहणार कोण? घरचेच. म्हणून काय पाहायचे आणि केव्हा धावत यायचे, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्वच्छ मराठीत लिहून द्यावे आणि घरच्यांनी ते विचारून घ्यावे. विचारले तर डॉक्टर रागावतील ही भीती आपल्या मनात खोल रुजलेली आहे, आणि काही ठिकाणी ती खरीही ठरते. वास्तविक नियम आपल्या बाजूने आहेत. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाची कागदपत्रे द्यावी लागतात. समीरा कोहली या रुग्ण महिलेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही. राज्याच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनी रुग्णहक्कांची सनद रुग्णालयात दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हाही रुग्णाचा हक्कच आहे.

इंग्लंडमध्ये मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी २०२१ मध्ये रुग्णालयात जंतुसंसर्ग रक्तात भिनून दगावली. तिची प्रकृती ढासळत असल्याचे आईवडील सांगत होते, पण त्याची वेळीच दखल घेतली गेली नाही. त्यानंतर २०२४ पासून तेथील सरकारी रुग्णालयांत ‘मार्था नियम’ लागू होऊ लागला. रुग्णाविषयी त्याला स्वतःला आणि घरच्यांना काय वाटते, हे रोज विचारून नोंदवायचे आणि प्रकृती बिघडते आहे असे वाटल्यास घरच्यांना दिवसरात्र केव्हाही दुसऱ्या पथकाकडून तपासणी मागता यावी, असा तो नियम आहे.

आपल्या रुग्णालयांवरील ताण मी पाहिलेला आहे. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात केवळ ठाणे शहरातले नव्हे, तर पार शहापूर-मुरबाडकडचे रुग्ण येतात, आणि सलग ड्युटी करणाऱ्या निवासी डॉक्टरला प्रत्येक नातेवाइकाचे गाऱ्हाणे ऐकत उभे राहणे शक्य नसते. नेमके म्हणूनच ते कागदावर यायला हवे. डॉक्टरांवर हात उगारण्याचे प्रकार अत्यंत निंद्य आहेत आणि त्यांविरुद्ध २०१० पासून राज्यात कायदाही आहे. पण ‘आम्ही सांगत होतो, कोणी ऐकले नाही’ हा संताप अशा अनेक प्रसंगांच्या मुळाशी असतो, असे मला वाटते.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांना माझी विनंती आहे की त्यांनी कळवा, वाशी, नेरूळ आणि ऐरोली येथील रुग्णालयांच्या केस पेपरवर ‘घरच्यांच्या मते आज काय वेगळे आहे’ अशी वेळेसह एक चौकट छापावी, राउंडच्या वेळी ती भरून घ्यावी आणि वरिष्ठ डॉक्टरांकडून फेरतपासणी मागण्यासाठी प्रत्येक वॉर्डात एक दूरध्वनी क्रमांक लावावा. चौकट छापणे सोपे आहे. त्या क्रमांकावर रात्री फोन उचलणारा वरिष्ठ डॉक्टर नेमणे अवघड आहे. तेव्हा त्या पदाची तरतूद दोन्ही महापालिकांनी येत्या अंदाजपत्रकात करावी.

— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई