जुने कामगार कसब दडवत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या उद्योग पुरवणीतला लेख वाचून राहवलं नाही. जुने कामगार आपलं कसब मुठीत धरून बसतात, म्हणून निवृत्तीआधी त्यांचे व्हिडिओ काढून ठेवावेत, असा त्याचा सूर आहे. लेखकांच्या अभ्यासाबद्दल आदर आहे. पण नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शॉपमध्ये ते एक अख्खी पाळी मशिनशेजारी उभे राहिले असते, तर हा आरोप त्यांनी केला नसता. माझी सगळी नोकरी ग्राइंडिंगवर, म्हणजे धातूचा भाग (आम्ही त्याला जॉब म्हणतो) फिरत्या चाकावर घासून नेमक्या मापाला आणण्यात, गेली. हातचं राखून शिकवणारे मी पाहिलेत, नाही असं नाही. पण शिकवायची तयारी असून ज्यांना शिकणारा माणूसच टिकवून दिला नाही, असे कितीतरी जास्त पाहिलेत.

आमच्या कारखान्यात सिलिंड्रिकल ग्राइंडरवर, म्हणजे गोल जॉब घासायच्या मशिनवर, एक ज्येष्ठ मिस्त्री होते. थंडीत ते पाळीच्या बरेच आधी यायचे, मशिन चालू करायचे, कूलंट (घासताना जॉब गार ठेवणारं पाणी) सोडायचे, टेबल नुसतंच इकडून तिकडे फिरत ठेवायचे आणि मग चहाला जायचे. साहेबांना ती विजेची नासाडी वाटे. निफाडचा पारा घसरला की तुम्ही पहिल्या पानावर छापता. त्या गारठ्यात मशिनचं काय होतं, हे मिस्त्रींना पाठ होतं. रात्रभर गार पडलेलं मशिन चालू लागलं की तेल तापतं, स्पिंडल (चाक फिरवणारा दांडा) तापतो आणि सकाळी धरलेलं माप सरकत जातं. जॉबचंही तेच. ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट १० अंशांनी तापला तर जवळपास ६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फुगतो, आणि आमच्या ड्रॉइंगवर मापात चालणारी एकूण सूटच १६ मायक्रॉनची. व्हीलला, म्हणजे घासणाऱ्या चाकाला, डायमंड कधी मारायचा, म्हणजे हिऱ्याच्या टोकाने पुन्हा धार कधी आणायची, हे ते आवाजावरून ओळखत. जॉबवर जळल्याचा डाग दिसेपर्यंत थांबावं लागत नसे.

हे त्यांनी दडवलं का? शेजारी एक कंत्राटी मुलगा उभा असे. 'ऐक, आता व्हील नुसतं घासतंय, कापत नाही,' असं त्याला रोज सांगत. पोराचा कान तयार होत आला होता. पण २४० दिवस भरले की कायम करायची मागणी होते, ते भरू नयेत म्हणून सातव्या महिन्यात त्याला ब्रेक दिला, म्हणजे कामावरून काढलं. नंतर आलेलाही तसाच गेला. मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. तुमच्या मशिनवर आता कोण, हे कोणी विचारलं नाही. पुढच्या थंडीत पहिल्या पाळीचा माल रिजेक्ट व्हायला लागला. मशिनवर एसओपी, म्हणजे कामाच्या पायऱ्यांची लेखी यादी, चिकटवलेली होती, पण मशिन आधी चालवून ठेवायची ओळ तिच्यात नव्हती. ती लिहिताना मिस्त्रींशी कोणी बोललंच नव्हतं. शेवटी त्यांनाच घरून बोलावून आणलं, आणि ते काहीही न बोलता आले. अशा माणसाला तुमचा लेख स्वार्थी म्हणतो, याचा मला मनापासून राग आला.

व्हिडिओ जरूर काढा. पण मोबाइलवर शॉपचा कल्ला ऐकू येतो, व्हीलचा बदललेला सूर येत नाही. त्यासाठी नवख्याला त्याच मशिनवर, त्याच माणसाजवळ काही महिने राहू द्यावं लागतं आणि तेवढा काळ तासाचं टार्गेट सैल करावं लागतं. बोर्डावर आकडा भरायचा असला की जुना माणूस शिकवणार कधी? मालकांनी निवृत्तीच्या वर्षभर आधी जोडी लावावी आणि त्या जोडीतल्या पोराला ब्रेक देऊ नये. एवढं केलं तरी पुष्कळ होईल.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोत लेथवर काम करणाऱ्याच्या हातात कापडी हातमोजे आहेत. फिरत्या चकजवळ, म्हणजे जॉब पकडून फिरणाऱ्या भागाजवळ, हातमोजा अडकला की हात ओढला जातो. आयटीआयमध्ये पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. तुमचा पेपर शिकाऊ पोरंही वाचतात. फोटो चुकीचा होता, अशी दुरुस्ती उद्याच्या अंकात ठळक छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ग्राइंडर ऑपरेटर
सिडको, नाशिक