इन्सुलिन हे प्रथिन आहे, त्याला ऊन सोसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यातील एका दुपारी माझ्या आईसाठी मागवलेल्या इन्सुलिनच्या दोन कुप्या आमच्या नौपाड्यातील घरी आल्या, तेव्हा ते खोके हाताला चक्क कोमट लागले. सोबत बर्फाची पिशवी नव्हती. दुचाकीच्या पेटीत इतर औषधांबरोबर ते दीड तास उन्हात फिरले होते. औषधाच्या दुकानात फोन केला, तर "अहो बाई, पाण्यासारखं स्वच्छ दिसतंय ना? मग काही बिघडलेलं नाही," असे उत्तर मिळाले. कुप्या नंतर बदलून मिळाल्या, त्यामुळे तक्रार त्या दुकानाची नाही. परंतु तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवल्यानंतर हा गैरसमज ऐकून मला स्वस्थ बसवेना.

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, अंडे किंवा व्यायामशाळेतील पावडरीचा डबा आठवतो. प्रत्यक्षात प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची ठरावीक क्रमाने ओवलेली साखळी आणि त्या साखळीने घातलेली स्वतःची घडी. केसांतील केराटिन आणि त्वचा-हाडांतील कोलॅजेन ही तंतुमय, आधार देणारी प्रथिने होत. कोलॅजेनमध्ये तीन साखळ्या सुंभासारख्या वळलेल्या असतात, ही रचना मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली मांडली, याचा मला वर्गात सांगताना नेहमी अभिमान वाटे. हिमोग्लोबिन, प्रतिपिंडे आणि अन्न पचवणारी विकरे यांची घडी गोलसर असते. काही प्रथिने पेशीपटलात रुतून बसतात आणि बाहेरचा निरोप आत पोचवतात. इन्सुलिन ज्याला जाऊन चिकटते, तो ग्राही याच जातीचा.

क्रमातील एक मणी बदलला तरी काय होते, हे आपल्या शेजारच्या पालघरमधील आदिवासी पाड्यांना ठाऊक आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील १४६ जागांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. तोच सिकलसेल आजार.

इन्सुलिन तर अवघ्या ५१ अमिनो आम्लांचे, २१ आणि ३० अशा दोन साखळ्यांचे, गंधकाच्या बंधांनी जोडलेले. त्याचा संपूर्ण क्रम उलगडल्याबद्दल फ्रेडरिक सँगर यांना १९५८ चे नोबेल मिळाले. हा क्रम उन्हाने बदलत नाही, बिघडते ती घडी, कारण ती मुख्यतः दुबळ्या बंधांवर उभी असते. घरचे उदाहरण खरवसाचे. चिकात प्रतिपिंडांसारखी प्रथिने भरपूर असतात. वाफ लागताच त्यांच्या घड्या उलगडतात, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पातळ चीक वडी पाडण्याइतका घट्ट होतो. खरवस कितीही गार केला तरी त्याचा पुन्हा चीक होत नाही. खाण्याच्या दृष्टीने त्यातले प्रथिन कमी झालेले नसते, कारण पोटात त्याचे तुकडेच व्हायचे असतात (म्हणूनच इन्सुलिन गिळून चालत नाही). औषधाचे मात्र सारे काम त्या घडीवर अवलंबून असते.

दीड तासाच्या उन्हाने इन्सुलिनचा खरवस होत नाही, हे मान्य. परंतु उष्णता आणि वाटेतले हेलकावे यांनी त्याचे रेणू एकमेकांना चिकटू लागतात, ताकद घटत जाते, आणि द्रव पाण्यासारखा नितळ दिसत असतानाही हे घडू शकते. रुग्णाची साखर चढते, डॉक्टर मात्रा वाढवतात, आणि कुपीचा संशय कोणालाच येत नाही. कोमट झालेली कुपी घाईने फ्रिजमध्ये ठेवल्याने गेलेली ताकद परत येत नाही.

ठाण्यात घरपोच औषधे मागवणाऱ्यांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ आहेत. औषध विक्रेत्यांनी इन्सुलिन थंड पिशवीतूनच पाठवावे आणि न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवण्याची सूचना मराठीत, ठळक अक्षरांत सोबत द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. घेणाऱ्यांनीही खोके दारातच हातात धरून पाहावे आणि ते कोमट असल्यास घेऊ नये. मात्र कुपी बर्फाला थेट टेकवू नये, फ्रीजरच्या कप्प्यातही ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखे दिसले तरी ते टाकून द्यावे लागते.

– एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे (प.)