जुना लेझर विकताना सॉफ्टवेअरचाही हिशेब द्यायला लावा

मा. आरोग्यमंत्री यांस,

स. न. वि. वि.

केस काढणारी, डाग आणि गोंदण घालवणारी लेझर यंत्रे एका दवाखान्यातून दुसऱ्यात विकली जातात. त्यात गैर काही नाही. निगा राखलेले यंत्र वर्षानुवर्षे काम देते. अशी यंत्रे तपासणे हाच माझा व्यवसाय. घेणारा काय बघतो? ओरखडे नाहीत, स्क्रीन लागते, हँडपीसमधून (त्वचेवर धरायच्या भागातून) शॉट, म्हणजे प्रकाशाचा झोत, बसतो, की झाला सौदा. सॉफ्टवेअरकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि खरी गोम तिथेच असते.

किती शॉट मारले ते मोजणारा शॉट काउंटरच घ्या. गाडीचे मीटर मागे फिरवावे तसा हँडपीसचा आकडा शून्यावर आणता येतो. अनेक यंत्रांच्या सर्व्हिस मेन्यूत (दुरुस्ती करणाऱ्यांसाठीच्या मेन्यूत) एकूण पल्सची, म्हणजे शॉटची, वेगळी नोंद असते. दोन्ही आकडे समोरासमोर ठेवले की बिंग फुटते. पण त्या मेन्यूला पासवर्ड, आणि तो नव्या मालकाला मिळेलच याची खात्री नाही.

याहून घातक प्रकार सेटिंगचा. सॉफ्टवेअर १२ मि.मी.चा स्पॉट (त्वचेवर पडणारा प्रकाशाचा ठिपका) धरून ऊर्जा सोडते आणि प्रत्यक्षात हँडपीसला १० मि.मी.चे टोक बसवलेले असते. स्क्रीनवर दर चौरस सेंटिमीटरला २० जूल. त्वचेवर मात्र, तीच ऊर्जा लहान ठिपक्यात एकवटल्याने, जवळजवळ २९. सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त, त्यामुळे विशेषतः ७५५ नॅनोमीटरच्या अलेक्झांड्राइट लेझरचा प्रकाश ती जास्त शोषते आणि तापते. आधी फोड येतात, मग महिनोन्‌महिने न हटणारे काळे डाग. दोष जातो डॉक्टरच्या हाताला. नवे टोक सॉफ्टवेअरने ओळखले का, हे कुणी विचारत नाही.

लायसन्सचा घोळ निराळाच. काही यंत्रांत एकेक उपचार वेगळे पैसे भरून सुरू करावा लागतो, आणि मालक बदलला की तो बंद पडू शकतो. जुन्या पेशंटची नावे, फोटोही कधी कधी मेमरीत तसेच राहतात, तेही नव्या मालकाच्या हाती जातात.

मागणी एकच आहे. वापरलेले लेझर विकताना सोबत एक कागद सक्तीचा करा: सॉफ्टवेअरची आवृत्ती, एकूण पल्स, एरर लॉग (बिघाडांची नोंद), कोणते लायसन्स नव्या मालकाच्या नावे होईल, आणि बाहेरच्या एनर्जी मीटरने शेवटचे कॅलिब्रेशन (ऊर्जेचे माप तपासून जुळवणे) कधी झाले. यंत्राने स्वतःच स्वतःला दिलेला ‘ओके’ त्यात धरू नये.

सर्व्हिस मेन्यू उघडा केला तर कुणीही सेटिंग बिघडवील, असे कंपन्या म्हणतील. भीती रास्त आहे. म्हणून बदलण्याचा नको, फक्त वाचण्याचा अधिकार द्या, तोही पैसे मोजण्याआधी. कंपनी बंद पडली असेल किंवा त्या मॉडेलची सेवा थांबली असेल, तर तेही त्या कागदावर स्पष्ट लिहिलेले असावे.

कळावे,
आपला,
लेझर यंत्रे तपासणारा एक तंत्रज्ञ