हाँगकाँगसाठी निवेदनं लिहायला शिकवणाऱ्या ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव या पत्रात मुद्दामच घातलेलं नाही. चीनने २०२० मध्ये हाँगकाँगवर लादलेल्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याचं कलम ३८ तिथे न राहणाऱ्या माणसाने बाहेरच्या देशात केलेल्या कृत्यालाही लागू होतं. कलम २९ खाली परदेशाकडे, बाहेरच्या संस्थेकडे किंवा व्यक्तीकडे निर्बंधांची मागणी करणं हाच गुन्हा आहे. शिक्षा तीन ते दहा वर्षं, प्रकरण गंभीर ठरलं तर किमान दहा वर्षं किंवा जन्मठेप. तरीही आभार उघडपणे मानावेसे वाटतात, कारण ब्रिटनमधल्या हाँगकाँगकरांची आणि त्यांच्यासोबत लिहिणाऱ्या आम्हा मराठी मंडळींची सगळी निवेदनं आज तुमच्या नमुन्यावर चालतात.

‘लोकशाही वाचवा’ असं म्हणणाऱ्या पत्राला सहानुभूतीचं उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. तुम्ही पहिल्या परिच्छेदात करार आणलात: हाँगकाँग चीनकडे सोपवण्याच्या अटी ठरवणारा १९ डिसेंबर १९८४ चा चीन-ब्रिटन संयुक्त जाहीरनामा, १२ जून १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रांकडे नोंदलेला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात भाषण, वृत्तपत्रं, सभा आणि संघटना यांच्या स्वातंत्र्याची हमी आहे, ५० वर्षांची मुदतही आहे. हा जाहीरनामा आता इतिहासजमा झाला, अशी भूमिका चीनच्या परराष्ट्र खात्याने २०१७ मध्ये घेतली. म्हणून तुम्ही त्याला जोड दिलीत ती हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे तिथल्या छोट्या राज्यघटनेच्या, कलम ३९ ची. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार हाँगकाँगला लागू राहील, असं ते कलम सांगतं. चीनने या करारावर १९९८ मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता अजून दिलेली नाही. हाँगकाँगला मात्र तो बांधतो. याच आधारावर या करारावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने जुलै २०२२ मध्ये सुरक्षा कायदा रद्द करण्यासाठी पावलं उचला आणि तोवर तो वापरू नका, असं सांगितलं. आमच्या प्रत्येक पत्रात हा निष्कर्ष असतो.

कुठले दरवाजे ठोठवायचे नाहीत हे सांगितल्याचे आभार तर वेगळेच मानले पाहिजेत. त्या समितीकडे एकट्या माणसाची तक्रार जात नाही, कारण त्यासाठीचा पूरक करार हाँगकाँगला लागू नाही. संयुक्त जाहीरनाम्यात वाद सोडवण्याची तरतूदच नसल्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा रस्ताही बंद आहे. लोक तिथे महिने घालवतात आणि थकून गप्प होतात.

उघडा आहे तो संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांचा (एकेका हक्काची पाहणी करणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञांचा) आणि मनमानी अटकेविषयीच्या कार्यगटाचा मार्ग. स्थानिक कोर्टातलं अपील संपायची वाट तिथे पाहावी लागत नाही. कोणाला, कधी, कुठे, कोणी, कोणत्या कलमाखाली पकडलं. जामीन मिळाला का, वकील स्वतः निवडता आला का, एवढं तारखांनिशी लिहायचं. आरोपपत्र किंवा कोर्टाचा आदेश जोडायचा. नुसत्या बातम्यांच्या कात्रणांवर अर्ज उभा राहत नाही. शिवराळ भाषा असेल तर तो तिथेच बाद होतो. सरकारला उत्तरासाठी साधारण ६० दिवस मिळतात. सगळ्यात मोठी चूक संमतीत होते. अर्ज पाठवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं, पण पीडिताचं नाव सरकारला कळवलं जातं आणि पुढे बहुधा प्रसिद्धही होतं. म्हणून संमती आधी, मसुदा नंतर, हा तुमचा क्रम आम्ही कधीही मोडत नाही.

ब्रिटिश खासदार फक्त आपल्या मतदारसंघातल्या लोकांचं काम हाती घेतात, त्यामुळे पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड नसलेलं पत्र वाया जातं. संसदेच्या याचिकेला १०,००० सह्यांवर सरकारचं उत्तर मिळतं, १,००,००० वर चर्चेसाठी विचार होतो. पण मुदत सहाच महिने आणि सही ब्रिटिश नागरिकाची किंवा तिथल्या रहिवाशाचीच चालते. मुंबई-पुण्याहून कळकळीने केलेल्या सह्या त्यात धरता येत नाहीत. खरं वजन पडतं ते नेमक्या प्रश्नाचं: अमुक खटल्याला ब्रिटिश वाणिज्य दूतावासाचा निरीक्षक हजर होता का, अमुक कैद्याला भेट मिळाली का. परराष्ट्र खातं दर सहा महिन्यांनी हाँगकाँगवर संसदेला अहवाल देतं. त्यात प्रकरण यावं असं वाटत असेल, तर सहामाही संपण्याआधी कागद पोचले पाहिजेत.

आणि दोन वेगळी पत्रं करण्याचा तुमचा आग्रह. निर्बंध मागणारं एक, खटल्यावर देखरेख आणि कैद्यांची भेट मागणारं दुसरं. ज्यांचे आईवडील तिकडे आहेत त्यांनी पहिल्यावर सही करू नये, त्यांना तशी गळही कोणी घालू नये. जुलै २०२३ मध्ये परदेशातल्या आठ कार्यकर्त्यांवर प्रत्येकी दहा लाख हाँगकाँग डॉलरचं इनाम लागलं आणि चौकशीला बोलावलं गेलं त्यांच्या नातेवाइकांना. तुमच्या या एका नियमाने किती घरं सांभाळली गेली असतील!

या सहामाहीचा मसुदा तयार आहे. संमतिपत्रं वेगळ्या पाकिटात ठेवली आहेत. कलमांचे क्रमांक तेवढे एकदा नजरेखालून घालावेत, ही विनंती.

आपले ऋणी,
निवेदनं लिहिणारे आम्ही सर्व