गोफणीने लढलेल्या मांको इंकाचे नावही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पेरूतल्या माचू पिचूच्या, म्हणजे इंकांच्या जुन्या डोंगरी शहराच्या, सहलीवरचा लेख वाचला. फोटो देखणे होते. पण 'मूठभर स्पॅनिश शिपायांपुढे इंकांनी न लढताच नांगी टाकली' असे त्यात एक वाक्य आहे. ते वाचल्यापासून मन स्वस्थ नाही, कारण ते खरे नाही.

मी मंगळवेढ्याकडचा ज्वारीचा शेतकरी, वय ६८. लहानपणी कणीस भरू लागले की घरचे मला शाळा बुडवून माळ्यावर बसवत. हातात सुताची गोफण, पायाशी दगडगोट्यांचा ढीग. गरगर फिरवून एक दोरी सोडली की फट्ट आवाज व्हायचा आणि पाखरांचा थवा उठायचा. पेरू देशातल्या डोंगरात आजही लोकरीची गोफण आहे, तिला वराका म्हणतात. इंका फौजेचे ते मोठे हत्यार होते. नातीने मला मांको इंका या इंका राजाची हकिगत वाचून दाखवली तेव्हा मी पहिल्यांदा या गोफणीपाशीच थांबलो.

मांकोची सुरुवात अभिमानाने सांगावी अशी नव्हती, हे मान्य. स्पॅनिशांनी १५३२ मध्ये काहामार्का येथे इंका सम्राट अताहुआल्पाला दग्याने पकडले, खोलीभर सोने घेतले आणि तरीही १५३३ मध्ये त्याला मारले. मग स्पॅनिशांचा म्होरक्या फ्रान्सिस्को पिझारोने तरण्या मांकोला इंकांची राजधानी कुस्कोच्या गादीवर बसवले. अताहुआल्पाच्या माणसांनी मांकोच्या घराण्याची कत्तल केली होती, त्यामुळे हे परके त्याला आधी सोडवणारेच वाटले. पण पिझारोच्या भावांनी त्याला गळ्यात साखळी घालून डांबले, आणखी सोने मागितले. त्याची राणी कुरा ओक्लो, तिलाही गोन्झालो पिझारोने सोडले नाही.

एप्रिल १५३६ मध्ये मांकोने या भावांपैकी एर्नांदो पिझारोला सांगितले, वडिलांची सोन्याची मूर्ती आणून देतो. लोभापायी एर्नांदोने त्याला जाऊ दिले. मांको परतला तो फौज घेऊनच. कुस्कोत तेव्हा स्पॅनिश जेमतेम १९० होते, बाहेर डोंगर माणसांनी भरलेले. इंकांनी दगड विस्तवात लाल केले, कापसात गुंडाळले आणि गोफणीने शहरावर सोडले. छपरे गवताची, ती भराभर पेटली. तापलेला दगड गोफणीतून सोडायला मनगट किती सरावलेले लागत असेल, हे माळ्यावर बसलेल्या माणसाला कळते. कुस्कोवरच्या साक्सायवामानच्या गडावर त्यांच्यातलाच एक भाऊ हुआन पिझारो डोक्यात दगड बसूनच पडला. आधीच्या जखमेमुळे जबडा सुजला होता, म्हणून त्याला शिरस्त्राण घालता आले नव्हते.

वेढा सुमारे १० महिने चालला. तो का मोडला, याची कारणे लोक घोडे आणि पोलाद एवढीच सांगतात. कान्यारी, चाचापोया अशा कितीतरी जमाती इंकांवरच्या जुन्या रागापायी स्पॅनिशांच्या बाजूने लढल्या, हे खरे कारण आहे. दुसरे कारण माझ्या काळजाला लागले. फौजेतली माणसे शेतकरी होती. मक्याच्या पेरणीची वेळ आली तशी ती गावाकडे परतू लागली. वाफसा कोणासाठी थांबत नाही. पेरले नाही तर वर्षभर घरात खायचे काय?

तरीही मांको हटला नाही. १५३७ च्या सुमारास एर्नांदो पिझारो त्याला पकडायला ओयान्तायताम्बोला चालून गेला, तेव्हा मांकोने आधीच तयार ठेवलेल्या पाटांचे पाणी खालच्या मैदानात सोडले. घोडे पोटापर्यंत चिखलात रुतले आणि स्पॅनिशांना मागे फिरावे लागले. पाणी वळवणे ज्याच्या अंगवळणी आहे, त्यालाच हे सुचते.

पुढे तो विल्काबाम्बाच्या जंगलात गेला आणि तिथून गनिमी काव्याने लढत राहिला. १५३९ मध्ये स्पॅनिशांनी कुरा ओक्लोला ठार मारले आणि मांकोच्या माणसांना दिसावे म्हणून तिचे प्रेत टोपलीत घालून नदीत सोडले. हे ऐकताना नात थांबली, मीही काही बोललो नाही. १५४४ च्या आसपास, ज्या पळपुट्या स्पॅनिशांना मांकोने विल्काबाम्बातल्या विटकोसला आसरा दिला होता, त्यांनीच खेळता खेळता त्याला भोसकले. मुलगा टिटू कुसी समोर होता. त्या मुलानेच १५७० मध्ये बापाची सगळी कहाणी सांगून लिहून घेतली. ती आजही वाचायला मिळते, म्हणजे हरलेल्यांची बाजू हरवलेली नाही. दुसरा मुलगा तुपाक आमारू याचा १५७२ मध्ये कुस्कोच्या चौकात शिरच्छेद झाला, तेव्हा कुठे विल्काबाम्बातले इंकांचे राज्य संपले. १५३६ पासून मोजा, ३६ वर्षे होतात.

आमच्या गावच्या शाळेतली मुले आपली पुरवणी कापून वहीत चिकटवतात. माचू पिचूचे ते पानही चिकटवले असेल. येत्या रविवारी त्याच जागी चार ओळींची दुरुस्ती छापावी आणि त्यात मांको इंकाचे नाव असावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक जुना वाचक
मंगळवेढा, जि. सोलापूर