कुणी कुणाच्या गावी जायचं

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलताना तू एकीकडे लॅपटॉप बडवत असतेस, ते मला इथं सोलापुरात ऐकू येतं. म्हणून हे कागदावर. स्पीड पोस्टनं लखनौला पोचायला चार दिवस धरले, तरी पीपीओला, म्हणजे इंटर्नशिपवरून आलेल्या नोकरीच्या ऑफरला, हो-नाही कळवायच्या आत तुझ्या हातात पडेल.

तू दोन गोष्टी एका दमात विचारल्यास. आमच्या एमबीएच्या बॅचमधलं कोण कुठवर पोचलंय, आणि तू गुरुग्रामची ऑफर घ्यावी की ती सोडून फायनल प्लेसमेंटला बसावं, पुण्याचं काही मिळतंय का बघावं. पहिल्याचं सांगता सांगता दुसऱ्यावर येते.

बॅचचे जमलो मोहोळच्या अलीकडे, एकाच्या शेतावर, हुरड्याला. १९९८ ला पुण्यातून आम्ही साठ जण बाहेर पडलो, त्यांत मुली अकरा. परवा आलेले अठरा, त्यांत आम्ही चौघी. मुंबईची मंडळी वंदे भारतनं आदल्या रात्री उतरली, पुण्याची हुतात्मानं. तारीख गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, आठवड्यातली धरली ती बेंगळुरूच्या काकांसाठी. ते मूळ इथल्या बाळीवेशीतले. जगात कुठंही असले तरी संक्रांतीला सोलापूर गाठायचं, बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मागं ६८ लिंगांना चालायचं, हा त्यांच्या घरचा नेम. तू लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून शोभेचं दारूकाम बघितलंयस, आठवत नसेल.

आगटीत कणसं खुपसली होती. गरमागरम कणीस हातावर चोळायचं म्हणजे हाताला सवय लागते. आमचे व्हाइस प्रेसिडेंट लोक फुंकरा मारत या हातातून त्या हातात कणीस नाचवत बसले. चोळलं शेवटी मोहोळवाल्यानंच. तळहातावर दोन-चार वेळा मळलं, फूस केलं की कोंडा उडून हिरवे दाणे ताटात. वर शेंगाचटणी आणि गूळ. हा गडी चौदा वर्षं ट्रॅक्टरच्या कंपनीत सेल्सला होता, वडिलांना शेती होईना तसा परत आला. आता खतं-बियाणांचं दुकान आहे आणि बरं चाललंय. त्याच्याबद्दल एवढंच, कारण तो स्वतःही एवढंच बोलतो.

पहिला तासभर एक गंमत बघत होते. पुरुषांना विचारत होते, "सध्या कुठं? पोस्ट काय?" आणि आम्हा चौघींना, "मुलं काय करतात?" परीक्षा सगळ्यांनी एकच दिली होती, बरं का. मग मी एका बँकवाल्याला मुद्दाम विचारलं, "मुलगा कसा आहे रे?" त्यानं मुलाचं पॅकेज सांगितलं.

आता तुझं "कोण कुठवर". आमचं वर्ष प्लेसमेंटला वाईट होतं. १९९७-९८ ला फायनान्स कंपन्या धडाधड बसत होत्या, त्यात रिझर्व्ह बँकेनं १९९८ च्या जानेवारीत नियम कडक केले. वर्गात सगळ्यात मोठा पगार ज्याला लागला, महिना साडेबारा हजार, तो अशाच एका कंपनीत गेला आणि दिवाळीच्या आत घरी आला. आम्ही बाकीचे आठ हजारांवर खूश होतो. तोच पुढं, २००० साली खासगी विमा कंपन्यांना परवाने मिळायला लागले तेव्हा पहिल्या लोंढ्यात शिरला आणि टिकला. शेवटच्या दिवसापर्यंत ज्याला काहीच लागलं नव्हतं, ज्याच्यासाठी आम्ही वर्गणी काढून मुंबईच्या इंटरव्ह्यूचं तिकीट काढलं, तो आज आमच्यात सगळ्यात पैसेवाला आहे. पण त्यातून तू काही नियम काढू नकोस. त्या दोघांच्यामध्ये पन्नासेक जण आहेत आणि ते साधारण जिथं असायला हवेत तिथंच आहेत.

मला रात्री घरी आल्यावर झोप लागेना ती दुसऱ्याच गोष्टीनं. नाशिकची मावशी तुला माहीत आहे. आमच्या वर्गात फायनान्सला पहिली. मी ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या प्लास्टिकवर मार्करनं सुवाच्य अक्षर काढायची आणि आकडे तिचे असायचे, अशी आमची जोडी. यजमानांची नोकरी बदलीची. नागपूर, वडोदरा, इंदूर, परत नागपूर, मग नाशिक. दर गावी तिनं नवी नोकरी धरली आणि दर बदलीला सोडली. आणि दर वेळी पीएफ काढला. तेव्हा नियमच असा होता की नोकरी सोडल्यावर बाकीच्यांना पीएफसाठी दोन महिने थांबायला लागायचं, लग्नासाठी सोडणाऱ्या बाईला मात्र लगेच मिळायचा. सोय म्हणून केलेली. तिचा पहिला पीएफ अशा सोयीनंच निघाला आणि सोफासेटमध्ये गेला. १९९५ च्या पेन्शन योजनेत दहा वर्षं नोकरी भरावी लागते. तिची सगळी मिळून सतरा भरली असती. पण दर वेळी पेन्शनचे पैसेही काढून घेतल्यामुळं मोजणी दर वेळी शून्यापासून. शेवटची नोकरी साडेसहा वर्षांची. म्हणजे पेन्शन नाही. आकड्यांत पहिली आलेली बाई, आणि हे ती हसत हसत सांगत होती.

मी विचारलं, "तेव्हा कळलं नव्हतं का तुला?" म्हणाली, "कळत होतं की. पण तेव्हा आमचा पगार एक होता, माझा वरखर्च होता."

(तुला हा पेन्शनचा नियम बहुतेक लागणारच नाही. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याचा पगार पीएफच्या हिशेबात पंधरा हजारांच्या वर असेल, तर त्या योजनेत घेत नाहीत. पण पीएफ मोडायचा मोह तुलाही होईल. पाच वर्षांच्या आत काढलास तर कर बसतो. नोकरी बदललीस तर ट्रान्सफर करून घे, जुनी वर्षं मोजली जातात.)

आता बेंगळुरूचे काका-मावशी. दोघं आमच्याच वर्गातले. मावशीला २०११ साली सिंगापूरची पोस्टिंग आली, आणि काकांनी नोकरी सोडली. सोडली म्हणजे रजा नाही, बदली मागितली नाही, राजीनामा. दोन वर्षं मुलीला शाळेत सोडणं, आणणं, भाजी, डबा. परवा शेतावर एकानं आपल्या सोलापुरी थाटात त्यांना विचारलं, "मग दिवसभर तिथं काय करलालतास रे तू?" सगळे हसले. काकाही हसले. मग म्हणाले, "तुझी बायको करते ते." त्यावर कुणी फारसं हसलं नाही.

परत आल्यावर त्यांना नोकरी मिळायला आठ महिने लागले. इंटरव्ह्यूला गेलं की प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, ही दोन वर्षं कुठं होता? खरं सांगितलं की समोरचा खालच्या आवाजात विचारायचा, "तब्येतीचं काही होतं का?" एकाला तर खात्रीच होती की कंपनीनं काढून टाकलं असणार. शेवटी लागली ती आधीच्यापेक्षा एक पायरी खालची. मावशीनं सांगितलं की त्या आठ महिन्यांत दोघांची जितकी भांडणं झाली तितकी एरवी कधी झाली नाहीत. मला हे ऐकायला बरं वाटलं. म्हणजे भांडणं बरी वाटली असं नव्हे, पण काकांचा फोटो लावून त्याला हार घालायचं काम नाही हे कळलं. किंमत दोघांनी मोजली, एवढंच. आणि मावशी आज जिथं आहे तिथं सिंगापूरशिवाय पोचली नसती.

माझं म्हणशील तर तुला सगळं ठाऊक आहे. लग्न करून सोलापुरात आले, आजोबांच्या टॉवेलच्या कारखान्यात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रोज सुताचा भाव बघून दिवस सुरू होतो आणि येणी वसूल करून संपतो. लहान कारखान्यांचे पैसे ४५ दिवसांत द्यायच्या त्या नियमानं गेल्या दोन वर्षांत उधारी थोडी वळणावर आली. काही व्यापारी उलट नाक मुरडायला लागले, तेही बघितलं. हे काम मला आवडतं. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. पहिली काही वर्षं मी पगार घेत नव्हते, कारण "घरचंच तर आहे". तू चौथीत होतीस त्या वर्षी मी आजोबांना म्हटलं की भागीदारीपत्रात माझं नाव घाला. घरात तीन आठवडे तोंडं फुगलेली होती. आजीनं तर "आमचा भरवसा नाही का?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, भरवसा आहे म्हणूनच कागद करू या, नसता तर माहेरी गेले असते. नाव लागलं. तुझ्या फीचा निम्मा चेक माझ्या खात्यातून जातो तो त्यामुळं.

आता गुरुग्राम. समर इंटर्नशिपला तू तिथं दोन महिने काढलेस, काम आवडलं, बॉस बरी आहे म्हणालीस, पैसेही चांगले. मग पुण्याचा विचार कुठून आला, ते मी ओळखते. त्याचं नाव लिहीत नाही, कारण पाकीट बाबा पोस्टात टाकणार आहेत आणि त्यांना पाकिटं उजेडात धरायची सवय आहे. मुलगा चांगला आहे. दिवाळीत आला तेव्हा कडक भाकरी कशी मोडायची हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही, तेव्हाच आजीनं त्याला पास केलं. माझी हरकत त्याच्यावर नाही.

माझं विचारणं एवढंच, की तू पुण्याला यावंस हे ठरलं कधी? तुमच्या दोघांत कुणी कधी मोठ्यानं म्हटलंय का की त्यानं गुरुग्रामला नोकरी बघावी? त्याच्या क्षेत्राला तिकडं तोटा नाही. की ते बोलायचंच राहिलं आणि आपोआप तुझीच बॅग भरायला घेतली? नाशिकच्या मावशीला मी हेच विचारलं होतं, की बदलीच्या वेळी तुमचं बोलणं काय व्हायचं. ती म्हणाली, बोलणं असं झालंच नाही कधी, ऑर्डर आली की खोकी आणायला सुरुवात.

तू विचारून, भांडून, हिशेब करून पुणंच घेतलंस तर मी आनंदानं येईन, हुतात्मानं चार तास. पण मग त्यालाही विचार की पुढच्या वेळी तुला बाहेरचं काही आलं तर त्याची पाळी असेल का. उत्तर "बघू" असं आलं तर ते उत्तर धरू नकोस.

ऑफर लेटरची सगळी पानं मला पाठव, नुसतं आकड्याचं पान नको. नोटिस पीरियड किती, बाँड आहे का, जॉइनिंग बोनस सोडताना परत द्यायचा का, हे बघायचंय. पाळणाघराचं विचारून ठेव. हसू नकोस. २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवडे आहे, आणि पन्नास किंवा जास्त माणसं असली की पाळणाघराची सोय द्यावी लागते. माझ्या वेळी ती १२ आठवडे होती आणि माझं पाळणाघर म्हणजे तुझी आजी. कागदावर सोय असणं आणि खरोखर चालू असणं यात फरक असतो, म्हणून एचआरला न विचारता तिथं काम करणाऱ्या एखाद्या बाईला विचार.

बाबांचं मत वेगळं आहे. त्यांना पुणंच हवंय आणि त्यांची कारणं अगदीच टाकाऊ नाहीत, पण ती मी माझ्या तोंडून सांगणार नाही. शनिवारी दुपारी ते स्वतः फोन करतील. उचल, आणि तेवढा वेळ लॅपटॉप मीट.

तुझी,
आई